ताई, पेपर किती लागतात?

सध्या मला येणाऱ्या मेसेजपैकी अर्धे एकाच प्रश्नाचे असतात. सेकंड इयर, थर्ड इयरची पोरं-पोरी, काही आपल्याच कॉलेजची, काहींनी कुठून तरी नंबर मिळवलेला, आणि प्रश्न काय तर 'ताई, रेसिडेन्सीसाठी पेपर किती लागतात?' रेसिडेन्सी म्हणजे एमबीबीएसनंतरचं स्पेशालिस्ट व्हायचं ट्रेनिंग, आणि पेपर म्हणजे परीक्षेचा नाही, जर्नलमध्ये छापून येणारा रिसर्चचा. किती! कशावर करायचा, कोणासोबत करायचा, काहून करायचा हे काहीच नाही, डायरेक्ट आकडा पाहिजे. मी उलट विचारते की बाबू, कुठली रेसिडेन्सी, इथली का तिथली? तर बऱ्याच जणांनी तेवढाही विचार केलेला नसतो. सीनियर करून राहिले म्हणून आपणही करायचं, बस. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते, पुढच्याला लिंक पाठवायला बरं.

आधी इथलं. भारतात एमडी-एमएसच्या सीटसाठी रिसर्चला शून्य किंमत आहे. कमी नाही, शून्य. नीट पीजीचे 200 प्रश्न, 800 मार्क, बरोबरला चार, चुकीला वजा एक, त्यातून जी रँक निघेल ती तुमची. एम्स वगैरेसाठी आयएनआय-सीईटी, तिथेही परीक्षाच. तुमच्या नावावर दहा पेपर असोत का एकही नसो, काउन्सेलिंगच्या फॉर्ममध्ये ते विचारणारा रकानाच नाही. गंमत बघा, सरकारी नोकरीत राहून दुर्गम किंवा अवघड भागात काम केलं तर त्याला मात्र वेटेज आहे, वर्षाला मिळालेल्या मार्कांच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के. म्हणजे भामरागडला तीन वर्षं काढलेल्या मेडिकल ऑफिसरला त्या तीन वर्षांचे मार्क मिळतात, पण त्याच तीन वर्षांत त्याने तिथल्या मलेरियावर चांगल्या जर्नलमध्ये पेपर छापला तर त्या पेपरचे काही मिळत नाहीत. मला हे वेटेज योग्यच वाटतं, त्याबद्दल वाद नाही. रिसर्चचा विचारच कोणी केलेला नाही एवढंच म्हणायचंय.

तर ज्यांचं ठरलंय की इथेच पीजी करायचं आणि ज्यांना रिसर्चची मुळातून आवड नाही त्यांनी निवांत एमसीक्यू सोडवा, कोणी काही म्हणणार नाही. पीजीला लागल्यावर थिसिस आहेच, रिसर्च मेथडॉलॉजीचा कोर्स आहे, पुढे मास्तरकीत प्रमोशनला पेपर लागतातच. तेव्हा शिकाल.

आता तिथलं, म्हणजे अमेरिकेचं, कारण खरी पळापळ त्यासाठीच आहे. तिथल्या रेसिडेन्सीसाठी स्टेप नावाच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यातली स्टेप 1 ही 26 जानेवारी 2022 पासून पास-फेल झाली. आधी तिथे तीन आकडी स्कोअर यायचा आणि आपली पोरं त्याच्यावरच जीव लावायची, कारण आपल्याला जमतं काय तर घोकणं. यवतमाळात बसून बोस्टनच्या पोराच्या बरोबरीचा स्कोअर काढता येत होता, तीच एक पातळी सारखी होती. तो आकडा गेला आणि पुढच्या परीक्षेचा, स्टेप 2 सीकेचा, राहिला, मग बाकीच्या गोष्टींकडे सगळ्यांचं लक्ष वळलं, रेकमेंडेशन लेटर, तिथला क्लिनिकल अनुभव आणि रिसर्च. पहिल्या दोन गोष्टींना विमानाचं तिकीट लागतं. तिसरी घरी बसून करता येते असं वाटतं, म्हणून झुंबड तिथे.

त्यात एनआरएमपी, म्हणजे तिथलं मॅच (उमेदवार आणि रेसिडेन्सीच्या जागा यांची जुळवणी) चालवणारी संस्था, मधून मधून आकडे छापते, कोणत्या ब्रँचला मॅच झालेल्यांच्या नावावर सरासरी किती रिसर्च होता याचे. 2022 चा न्यूरोसर्जरीचा तिथल्याच एमडी विद्यार्थ्यांचा आकडा होता 25 च्या वर. हा आकडा एका ग्रुपवर फिरला आणि थर्ड इयरच्या एका पोराने मला रात्री साडेअकराला लिहिलं की ताई माझ्याकडे एकच आहे आणि तोही ॲक्सेप्ट व्हायचाय, माझं कसं होईल.

अरे पण त्या 25 मध्ये काय काय धरलंय ते तर बघ. ॲब्स्ट्रॅक्ट, पोस्टर, तोंडी प्रेझेंटेशन आणि छापून आलेला पेपर, सगळं एकाच टोपलीत. म्हणजे समजा एकच प्रोजेक्ट केला, त्याचं पोस्टर नागपूरच्या कॉन्फरन्सला लावलं, तेच पुण्याला जाऊन बोललं, ॲब्स्ट्रॅक्ट पुस्तिकेत छापलं आणि शेवटी पेपर आला, तर काम एक आणि आकडे चार. वर उमेदवाराने स्वतः अर्जात भरलेले आकडे आहेत हे. आणि ही झाली न्यूरोसर्जरी, जिथे तिथलीच पोरं वर्षभर शिक्षण थांबवून लॅबमध्ये बसतात. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स, पॅथॉलॉजी याला जातात, तिथे आकडा खूप खाली आहे आणि तिथे मुख्य प्रश्न वेगळेच असतात, व्हिसा लागतो का, पास होऊन किती वर्षं झाली, पहिल्या झटक्यात परीक्षा निघाल्या का. 2024 च्या मॅचमध्ये अमेरिकन नागरिक नसलेल्या आणि बाहेर शिकलेल्या डॉक्टरांपैकी 58 टक्क्यांच्या आसपास लोकांना जागा मिळाली. उरलेल्यांकडे पेपर नव्हते म्हणून त्यांची राहिली असं कोणी सांगत असेल तर तो काहीतरी विकून राहिलाय.

आणि विकणारे आहेतच. पेपरच्या लेखकांत नाव पाहिजे तर पैसे भरा, पहिलं नाव महाग, चौथं-पाचवं स्वस्त, विषय त्यांचा, डेटा त्यांचा, तुम्ही फक्त डिग्री आणि कॉलेजचं नाव पाठवायचं. एका ज्युनियरने मला असा पेपर कौतुकाने दाखवला. विषय हृदयातल्या कसल्याशा झडपेचा, लेखक पाच देशांतले सात जण, आणि या पठ्ठ्याला त्यातल्या मेथड्सच्या सेक्शनचा म सांगता येईना. बाप कास्तकार, सोयाबीनचे पैसे आले ते यात गेले. मला राग त्या पोराचा आला नाही, ज्यांनी घेतले त्यांचा आला. पोळ्याला बैलाला झूल, बेगड, फुगे सगळं चढवतात तसा सीव्ही सजवून द्यायचा धंदा झालाय हा, फरक एवढाच की बैल निदान वर्षभर खरंच राबलेला असतो.

पेपरवर नाव लावायचे नियम जगभर मान्य आहेत. कामात खरा वाटा पाहिजे, लिहिण्यात किंवा तपासण्यात हात पाहिजे, शेवटच्या मसुद्याला तुमची मंजुरी पाहिजे आणि उद्या कोणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी पाहिजे. चारही. यातलं चौथं पैसे देऊन मिळत नाही. इंटरव्ह्यूत नेमकं तेच तपासतात.

माझी एक बॅचमेट आता तिकडे इंटर्नल मेडिसिनला आहे. तिचे इंटरव्ह्यू सगळे ऑनलाइन, आपल्याकडची रात्र, तेव्हा ती गावाकडे होती, वर्ध्याच्या पलीकडे, आणि लाइटचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर, त्यावर मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि आईने कुत्र्यांना भाकर टाकून वाड्याच्या मागे नेऊन बांधलेलं. तिच्या सीव्हीवर एक मोठी मेटा-ॲनालिसिस (आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष) होती, चांगल्या जर्नलमधली, ज्यात तिने फक्त टायटल-ॲब्स्ट्रॅक्ट चाळायचं काम केलं होतं. आणि एक छोटं पोस्टर होतं, आमच्याच हॉस्पिटलच्या केसेसचं. पहिल्याच इंटरव्ह्यूत बाईंनी मेटा-ॲनालिसिस उचलली, अभ्यास इतके वेगवेगळे असताना तुम्ही ते एकत्र कसे केले म्हणे. तिने सरळ सांगून टाकलं की स्टॅटिस्टिक्स दुसऱ्यांनी केलं, माझ्याकडे चाळणी होती, आणि चाळताना दोघींचं जमलं नाही की तिसऱ्याला विचारायचो, त्यात असे असे घोळ झाले. बाईंना ते चाललं. दुसऱ्या ठिकाणी पोस्टरवरच वीस मिनिटं गेली. तिसऱ्या ठिकाणी तर रिसर्चचा विषयच निघाला नाही, नाइट ड्यूटीला किती पेशंट एकटीने बघितले हेच विचारत बसले. मॅच झाली ती या तिसऱ्या ठिकाणी! त्यामुळे यातून नियम काढायला जाऊ नका, मीही काढत नाही. पण जिथे विचारलं तिथे 'तू स्वतः काय केलंस' एवढंच विचारलं.

आता ते पोस्टर कशाचं होतं ते सांगते, कारण त्यात मीही होते आणि मला बोलायचं ते खरं याच्याबद्दल.

सर्पदंशाचं होतं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते, एसटीएस म्हणतात, 1979 पासून चालू आहे, एमबीबीएसच्या पोरांसाठी दोन महिन्यांचा प्रोजेक्ट. आपल्याच कॉलेजचा गाइड, एथिक्स कमिटीची मंजुरी, शेवटी रिपोर्ट, तो पास झाला की सर्टिफिकेट आणि स्टायपेंड. इंटर्न आणि पीजीला चालत नाही, त्यामुळे वेळेत करा. तर आमचा प्रश्न साधा होता, साप चावल्यापासून पहिली एएसव्हीची (सापाच्या विषावरच्या औषधाची) बाटली लागेपर्यंत किती वेळ जातो आणि तो कुठे जातो. कागदावर दोन ओळींचं काम.

रेकॉर्ड रूममध्ये गेलो तर केसपेपर लाल कपड्यात गाठोडी बांधून रॅकवर, वरून उंदरांनी कडा खाल्लेल्या. क्लार्कदादा म्हणाले घेऊन बसा, पण गाठ जशी आहे तशी बांधून ठेवा. अर्ध्या पेपरवर 'अननोन बाइट'. वेळेच्या रकान्यात काहीच नाही, किंवा नुसतं 'रात्री'. जुन्या कागदांतून वेळ मिळणार नाही हे कळलं, मग गाइड सरांनी सांगितलं की वॉर्डात जे नवीन येतात त्यांना विचारा. विचारलं तर एक आजीबाई म्हणे, "गाई घरी आल्या ना बाप्पा, तवा चावला पोराले." झालं, आता एक्सेलमध्ये काय भरू? पावसाळ्यात गाई किती वाजता येतात, हे त्या गावच्या दुसऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणे ढग असले की लवकर येतात. मग आम्ही फॉर्मच बदलला. घड्याळाची वेळ विचारणं सोडलं आणि आधी-नंतरच्या खुणा विचारायला लागलो, एसटी गेली होती का, मंदिरात भजन सुरू झालं होतं का, लाइट लागले होते का, आणि त्यावरून तासाचा अंदाज, आणि हा अंदाज आहे असं रिपोर्टमध्ये साफ लिहिलं.

आणि वेळ जातो कुठे? आम्हाला वाटलेलं रस्त्यात जात असेल. रस्त्यात जातोच, पण त्याआधी मांत्रिकाकडे जातो, मग मोटरसायकल कोणाची मिळते त्यात जातो, आणि काही वेळ आपल्याच कॅज्युअल्टीत जातो. घोणस चावली की रक्त गोठत नाही, ते बघायला काचेच्या स्वच्छ कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं असतं. काचेचीच पाहिजे, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेली असली तरी रिझल्ट चुकतो. तर ती ट्यूब शोधण्यात वेळ जायचा. मण्यारचं आणखी वेगळं, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, ना सूज ना धड दुखणं, पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो आणि डोळ्यांच्या पापण्या पडायला लागल्या की सगळ्यांची धावपळ. त्या कॅज्युअल्टीत नंतर एका ट्रेमध्ये काचेच्या ट्यूब वेगळ्या ठेवायला लागले, सिस्टरने वर पट्टी चिकटवली 'साप'. पेपर आमचा आजवर छापून आलेला नाही, पोस्टरवरच राहिला, पण मी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ट्यूबा मागवल्या.

असे प्रश्न आपल्याकडे पायलीला पन्नास पडलेत. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, सगळ्या देशात बातमी झाली. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, तर नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत घराघरात आहे. 1 जुलै 2023 ला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, कार्ड वाटणं चालू आहे, पण कार्ड मिळालेल्या पोरीने लग्न ठरवताना ते दाखवलं का, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या घेते का मधेच सोडल्या, हे तालुक्याच्या पातळीवर कोण मोजून राहिलंय? हे अमेरिकेतल्या पोराला मिळणार नाही, आणि आपण मात्र त्याच्याच विषयावरचे रिव्ह्यू रात्ररात्र जागून जोडून राहिलो.

गडचिरोलीचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण जरा वेगळ्या कारणाने. बंग डॉक्टर नवरा-बायकोंचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा पेपर 1999 मध्ये लॅन्सेटला आला, 39 गावांत काम, बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, आणि 2011 पासून आशाताई घरोघर जाऊन बाळाचं वजन करतात ते त्यातूनच. भाषणात इथे टाळ्या पडतात. मी तो पेपर बसून वाचला तेव्हा मला जास्त भावलं ते हे की सगळं मोजण्यावर उभं आहे. गावात किती जन्मले, किती गेले, कोणत्या दिवशी गेले, कशाने गेले, वर्षानुवर्षं. गावातलीच बाई शिकवून तयार केलेली, तिच्या हातात वही आणि वजनकाटा. रजिस्टर नीट भरणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे हो, आणि आपण इंटर्नशिपमध्ये तेच सगळ्यात जास्त टाळतो.

अडचणी आहेतच, गोड गोड लिहिणार नाही. गाइड मिळत नाही, मिळाला तर त्याला वेळ नाही, वेळ असला तर त्याला त्याच्याच थिसिसचा उरलेला डेटा तुमच्याकडून भरून घ्यायचा असतो. एथिक्स कमिटीची मीटिंग पुढे ढकलली जाते. आणि 'नुसते जुने केसपेपर तर बघायचेत, मंजुरी कशाला' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, जुन्या रेकॉर्डच्या अभ्यासालाही कमिटीकडे जावंच लागतं, फार तर पेशंटची संमती माफ होते, आणि ती माफ करायची का हे कमिटी ठरवते, तुम्ही नाही. संमतीपत्र मराठीत पाहिजे, पण मेळघाटातल्या धारणीत गेलात तर तिथे मराठीही पुरत नाही, कोरकू बोलणारं कोणी तरी सोबत लागतं. अंगठा असेल तर साक्षीदार. एखादी दुर्मिळ केस दिसली की आधी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि मग केस रिपोर्टसाठी पेशंटला शोधत फिरायचं, हे तर बंदच करा. सुट्टी झालेला पेशंट वीस किलोमीटरवरच्या पोडावर (आदिवासी वस्तीवर) राहतो, त्याची सही आणायला कोण जाणार?

थोडक्यात काही जणांसाठी वेगळं: यूकेला जायचं असेल तर तिथे स्पेशालिटी ट्रेनिंगच्या अर्जात पेपरइतकंच ऑडिट आणि क्वालिटी इम्प्रूव्हमेंटला महत्त्व आहे. आधी मोजा, काहीतरी बदला, परत मोजा. हे पीएचसीत इंटर्नशिप करतानाही होतं, बीपीच्या गोळ्यांचं रजिस्टर घ्या आणि सुरू करा.

परवा एका सेकंड इयरच्या पोरीचा मेसेज आला आणि पहिल्यांदा कोणी आकडा न विचारता प्रश्न विचारला. तिचे काका फवारणी करून चक्कर येऊन पडले, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं औषध कोणतं, तर घरचे म्हणे 'लाल झाकणाचं'. तिला बघायचंय की असे किती पेशंट औषधाचा डबा सोबत आणतात, आणि आणला तर उपचारात काही फरक पडतो का. मी म्हटलं दुसऱ्या भागाचा नाद सोड, तेवढे पेशंट दोन महिन्यांत मिळणार नाहीत, पहिलाच भाग कर, आणि डबा आणला नसेल तर नाव कसं सांगतात ते शब्द जसेच्या तसे लिहून घे, झाकणाचा रंग, कृषी केंद्राचं नाव, वास, जे सांगतील ते. कीटकनाशक ऑर्गनोफॉस्फरस गटातलं आहे का दुसरं काही यावर ॲट्रोपिन-पाम ही उतारा म्हणून दिली जाणारी औषधं द्यायची का नाही हे ठरतं, त्यामुळे कॅज्युअल्टीतल्या सरांना हा विषय पटेल, मेडिसिनच्या एचओडींकडे आधी जाऊ नकोस, कॅज्युअल्टीतल्या सरांकडे जा. फवारणी जुलैत सुरू होते, मंजुरी त्याआधी हातात पाहिजे, म्हणजे प्रपोजल आत्ताच लिहायला घ्यावं लागेल. तिने विचारलं किती पानांचं? म्हटलं दोन लिही, मला पाठव, मी रविवारी बघते, रविवारी ओपीडी नसते.